आधी क्लॅम्प, मग लाकूड

निवृत्तीनंतर सुतारकाम शिकायला निघालेल्या माणसाची पहिली खरेदी लाकूड नसते, क्लॅम्प असतात. अजून साधा पाट जोडलेला नाही, पण बाल्कनीच्या भिंतीवर चार-चार फुटी एफ-क्लॅम्पांची रांग लागते. शेजारी एका हाताने घोडा दाबून आवळायचे रंगीत नग. दिसायला फर्मास, दाब बेताचाच. फळ्या चिकटवायच्या तर गुमान आट्यांचा दांडाच फिरवावा लागतो.

खरं तर चार ६ इंची जी-क्लॅम्प आणि चार २४ इंची एफ-क्लॅम्प यांवर नवशिक्याचं स्टूल, खोकं, फडताळ सगळं भागतं. मोठ्या टेबलाची खुमखुमी आलीच तर पाइप क्लॅम्प घ्यावेत. पाइप प्लंबिंगच्या दुकानात हवा तेवढा लांब मिळतो. पण एवढ्यावर सुटली तर ती हौस कसली?

मग आवळण्याचा सोहळा. दात-ओठ खाऊन दांडा असा पिळायचा की सांध्यातलं फेविकॉल सगळं बाहेर आणि आत ठणठणाट! जबड्याखाली टाकाऊ लाकडाचा तुकडा घालायचं सुचत नाही, म्हणून सागवानावर गोल शिक्के. सगळे क्लॅम्प एकाच बाजूने लावल्यामुळे फळी पन्हाळीसारखी वाकते ती वेगळीच. (एक वरून, एक खालून लावला असता तर... जाऊ द्या.) यावर उपाय? आणखी क्लॅम्प मागवणे.

तिकडे नाक्यावरचा सुतार सुंभ गुंडाळतो, त्यात काटकी घालून पीळ देतो, पाचर ठोकतो आणि चहाला जातो. त्याच्याकडे क्लॅम्प दोनच. तेही सध्या बाल्कनीवाल्या काकांनी उसने नेलेत.