ब्रेन गेलाय, साहेब!

मुंबईचा माणूस नाशिकला जातो तो देवासाठी, द्राक्षांसाठी नाहीतर सासुरवाडीसाठी. आमच्या गाडीला यातल्या कशातच रस नव्हता. तिला नाशिकचं गॅरेज बघायचं होतं.

गाडी जुनी, डिझेलची, कॉमन रेल. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हे, वयाचा. डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा कायम मुक्कामाला. 2025च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला, तेव्हापासून इगतपुरीच्या डोंगरातून जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्याने सुसाट जाता येतं. पण "बोगद्यात बंद पडली तर?" असं हिने विचारलं आणि आम्ही मुकाट्याने जुन्या कसारा घाटाला लागलो. बंद पडायला घाट केव्हाही चांगला. वारा असतो, माकडं असतात आणि सल्ला द्यायला ट्रकवाले असतात.

गाडीने या सोयींचा पुरेपूर लाभ घेतला. इंजिन तापलं की गप्प. जरा थंड झालं की काही झालंच नाही अशा थाटात चालू. एका ट्रकवाल्याने "डिझेलमध्ये हवा घेतलीय" असं निदान केलं, दुसऱ्याने फिल्टरवर संशय घेतला, तिसऱ्याने लिंबू-मिरची कुठाय म्हणून विचारलं. असे थांबे घेत इगतपुरी, घोटी, विल्होळी करत नाशिकमधल्या द्वारकेवरचं गॅरेज गाठलं तेव्हा दिवेलागण झाली होती.

तसं पाहिलं तर बंद पडायला गावही गाडीने बरं निवडलं. सातपूरला महिंद्राचा कारखाना. 2002 साली आलेली स्कॉर्पिओ इथलीच. सातपूरलाच मायको. कंपनीने 2008मध्ये बॉश हे नाव घेतलं, पण रिक्षावाल्याला अजून 'मायको सर्कल'च सांगावं लागतं. तिथे डिझेलचे इंजेक्टर बनतात. त्यामुळे नाशकात गाडी बंद पडली, की मेकॅनिकच्या आधी मायकोतून रिटायर झालेले एक काका हजर होतात. आमचे काका मेव्हण्यांच्या सिडकोतल्या गल्लीतच निघाले आणि पायात चपला सरकवून गॅरेजपर्यंत आले.

गॅरेजातल्या पोराने स्कॅनर लावला, क्रँक सेन्सरचा कोड वाचला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "ब्रेन गेलाय, साहेब."

"तुझा," गॅरेजचे मिस्त्री चाचा गाडीखालून म्हणाले. "ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, हात शेवटी लावायचा. आधी बॅटरी बघ, अर्थ बघ."

बॅटरी चांगली निघाली. अर्थची वायर घासूनपुसून बसवली. कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्या होत्या, त्या साफ केल्या. क्रँक सेन्सर नवा घातला. गाडी सुरू झाली, तापली आणि बंद पडली. पोराने माझ्याकडे पाहिलं. चाचांनी पोराकडे पाहिलं नाही.

इकडे काकांचं व्याख्यान रंगात आलं होतं. "तुमच्या टायरमध्ये हवेचं प्रेशर किती? दोन बार, सव्वादोन बार. या पाइपात डिझेल सोळाशे बारपर्यंत जातं! इंजिन 2000च्या स्पीडने फिरतंय ना, तर प्रत्येक इंजेक्टर मिनिटाला हजार वेळा उघडतो. आणि उघडायला त्याला क्षणभर ऐंशीएक व्होल्ट लागतात. बॅटरी देते बारा. मग बाकीचे आणतं कोण?"

"कोण?" हिने विचारलं.

"हाच डबा!" काकांनी बॉनेटमधल्या ॲल्युमिनियमच्या चपट्या डब्यावर बोट टेकवलं. "इतकी वर्षं हा कोंडलेल्या उष्णतेत हेच करतोय. आत सोल्डरला बारीक चीर गेली असणार. तापला की चीर उघडते, निवला की मिटते."

"सिद्ध करू," चाचा म्हणाले. "वहिनी, हेअर ड्रायर आहे का?"

भाचीचा गुलाबी हेअर ड्रायर आला. थंड इंजिन चालू ठेवून चाचांनी फक्त त्या डब्यावर गरम वारा सोडला. सगळी द्वारका श्वास रोखून उभी. थोड्या वेळाने इंजिन आचका देऊन बंद. मग डब्यावर ओलं फडकं. किल्ली फिरवली, चालू! पुन्हा ड्रायर, पुन्हा बंद. तिसरा प्रयोग निव्वळ जमलेल्या लोकांच्या आग्रहास्तव झाला. भाचीने मात्र तो ड्रायर परत घ्यायला नकार दिला.

नव्या डब्याची किंमत शोरूमवाल्याने अदबीने सांगितली. तेवढ्या पैशांत कोणी आमची अख्खी गाडी घेतली असती तर मी दिली असती. शिवाय ते मॉडेल बंद झालेलं. "जुना डबा कुर्ल्याला मिळेल, सीएसटी रोडला," चाचा म्हणाले. आमचं घर घाटकोपरला. म्हणजे जी वस्तू घरून रिक्षाने जाऊन आणता आली असती, तिच्यासाठी आम्ही घाट चढून आलो होतो.

पुतण्याला कामाला लावलं. त्याने कुर्ल्याहून फोटो पाठवला, "एकच आकडा वेगळा आहे काका, बाकी सेम टू सेम." चाचांनी फोन घेतला, "बेटा, आईच्या फोन नंबरातला एकच आकडा बदल आणि लावून बघ कोण उचलतं." दुकानदाराने मग ढिगातून नंबर जुळणारा डबा काढला. तो पुतण्याच्या ऑफिसच्या बॅगेतून संध्याकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने नाशिकरोडला उतरला. पासधारकांच्या गर्दीत त्याला बसायला जागा मिळाली होती, पुतण्याला नाही.

तोवर आमचं नाशिकदर्शन रिक्षाने चालू होतं. सकाळी पापड आणि दह्यासकट मिसळ, संध्याकाळी रामकुंड, मधल्या वेळेत मेव्हण्यांकडून 2027च्या सिंहस्थाची कामं आणि त्यापायी रस्त्यांची दशा यावर साद्यंत माहिती.

डबा बसवायला चार बोल्ट आणि दोन कनेक्टर. किल्ली फिरवली. स्टार्टर घरघरला, इंजिन नाही. किल्लीच्या चित्राचा दिवा मात्र मिचमिचायला लागला. "ओळखत नाही," चाचा म्हणाले. इमोबिलायझर! कुर्ल्याच्या डब्याला त्याच्या जुन्या मालकाची किल्ली पाठ; आमची त्याच्या लेखी चोराची.

मग अंबडहून लॅपटॉपवाला पोरगा आला. पाठीला सॅक, कानात इअरफोन, तोंडात शब्द नाही. त्याने आमचा जुना डबा उघडला. आत नखावर मावेल अशी आठ पायांची चिप. तिच्यावर चिमटा लावून त्याने आतला मजकूर लॅपटॉपवर उतरवला आणि नव्या डब्यात लिहिला. काकांनी भिंग लावून इंजेक्टरच्या डोक्यावर कोरलेले कोड एकेक करून पडताळले. कुठलेही दोन इंजेक्टर डिझेल अगदी सारखं सोडत नाहीत. प्रत्येकाचा बारीकसा फरक त्या कोडात असतो आणि डबा त्याप्रमाणे माप धरतो. "हे आमच्याकडे असं..." काका सुरू झाले, तेवढ्यात किल्ली फिरली आणि गाडी बोलायला लागली. गरम होऊनही बोलत राहिली. पिवळा दिवा विझला, तेव्हा तर हिला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

तेव्हा जुन्या गाडीच्या मालकांनो, कोणी "ब्रेन गेलाय" म्हणालं तर आधी बॅटरी, अर्थ, कनेक्टर आणि सेन्सर तपासून घ्या. डबा घ्यायची वेळ आलीच, तर लेबलवरचा नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत जुळवा. आणि जुना डबा कितीही निकामी वाटला तरी नवा चालू होईपर्यंत भंगारात टाकू नका; किल्लीची ओळख आणि इंजेक्टरची मापं त्याच्याच पोटात असतात. हेअर ड्रायर मात्र स्वतःचा न्या.