बंदी येते, बिऱ्हाड हलतं

आपल्या जिल्ह्यात अश्लीलतेविरुद्धची पहिली कारवाई अठराव्या शतकात झाली आणि आजवरची तीच एक यशस्वी ठरली.

संगमनेरचे अनंत घोलप, म्हणजे शाहीर अनंत फंदी, तमाशाच्या फडावर शृंगारिक लावण्या गायचे. गावं लोटायची. सांगतात की अहिल्याबाई होळकरांनी त्यांना समज दिली, देवाने दिलेली बुद्धी असल्या कवनांत कशाला घालवता म्हणून. ना नोटीस, ना गुन्हा, ना डफ-तुणतुण्याचा पंचनामा. फंदींनी फड सोडला आणि ते कीर्तनाला उभे राहिले. माणूस तोच, गळा तोच, समोरचे श्रोतेही बहुधा तेच. फक्त तुणतुण्याच्या जागी टाळ आले. एका मंचावरून उठून दुसऱ्या मंचावर बसण्याची जी रीत आज पोरं मोबाईलवर रोज पाळतात, तिचे आद्य प्रवर्तक आमच्या संगमनेरचे.

2024 साली याच अहिल्याबाईंच्या नावावरून जिल्ह्याचं नाव बदलून अहिल्यानगर झालं. पाट्या रंगवणाऱ्यांना काम मिळालं, ते सोडा. बाईंचं जन्मगाव चौंडी जामखेड तालुक्यात, आणि लावणीची कलाकेंद्रंही जामखेडचीच महाराष्ट्रभर प्रसिद्ध. 31 मेला जयंतीसाठी चौंडीच्या रस्त्याला ताफे लागतात, एरवी रात्री दुसऱ्या रस्त्याला. दोन्हीकडचे रस्ते डोळे मिटून सापडतात असे ड्रायव्हर या जिल्ह्यात कमी नाहीत. त्यांना विचारलं तर ते बोलत नाहीत. ड्रायव्हर आहेत, प्रवक्ते नव्हेत.

बाईंनंतरच्या राज्यकर्त्यांना बोलावून समज देण्याएवढी सवड नव्हती. स्वातंत्र्य मिळाल्यावर थोड्याच दिवसांत बाळासाहेब खेर यांच्या सरकारने तमाशावर बंदीच घातली. शेकडो फडांच्या चुली विझायला लागल्यावर ती उठवली, पण अट घातली की वगाची वही आधी तपासून घ्यावी. आता तमाशा ज्याने एकदा तरी तंबूत बसून पाहिलाय त्याला विचारा, सोंगाड्याचं कुठलं वाक्य वहीत असतं? ते त्याच्या जिभेवर असतं, आणि पुढच्या रांगेत कुणाचा फेटा दिसतोय त्यावर ठरतं. साहेबाने सत्यवचनी राजाच्या वहीवर शिक्का मारायचा, आणि तंबूत मावशीने गवळणींच्या वतीने कृष्णाला जे सुनवायचं ते सुनवायचं. शिक्का राजाला, टाळ्या मावशीला. फडमालकांनी पाटीवर तमाशाच्या आधी ‘लोकनाट्य’ लिहून टाकलं. संस्कृती सुधारली, तिकीट तेच राहिलं.

शहरातल्या नाटकवाल्यांची गंमत याहून न्यारी. 1970 साली ‘गिधाडे’ नाटकात लुगड्यावरचा लाल डाग सरकारच्या परिनिरीक्षण मंडळाला खुपला. दिग्दर्शक श्रीराम लागूंनी तो निळा केला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगायला सुरुवात केली की आज्ञेनुसार डाग निळा आहे, आपण तो लाल समजावा. ज्यांच्या डोक्यात डाग नव्हता त्यांच्याही डोक्यात तो पडदा उघडण्याआधीच पडला.

पण तमाशाचं खरं वाटोळं कात्रीने केलं नाही, घड्याळाने केलं. कसं ते नीट सांगतो, कारण यात सरकारी डोकं उघड दिसतं. तमाशा म्हणजे आधी गण, मग गवळण, मग बतावणी, रंगबाजी, आणि शेवटी वग. वग उभा राहायचा तो मध्यरात्रीच्या पुढेमागे. त्यात राजा वचन पाळायचा, लबाड प्रधान शिक्षा भोगायचा, पतिव्रतेचं सत्त्व टिकायचं, आणि पहाटे माणसं डोळे पुसत शेताकडे जायची. म्हणजे तमाशात बोध असतोच, फक्त तो पहाटे मिळतो. 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहाला स्पीकर बंद. नियमाशी भांडण नाही, आजारी माणसाला झोप हवीच. पण परिणाम काय झाला? साडेआठ-नवाला गण-गवळण उरकते, मग गाण्यांवर गाणी, आणि राजा वेशभूषा करून पडद्याआड उभा असतानाच पोलिसांची गाडी येते. ज्या भागावर सभ्य लोकांचा आक्षेप होता तेवढाच भाग शिल्लक राहिला, आणि ज्याच्यासाठी म्हातारेकोतारे घोंगड्या घेऊन यायचे तो बोध बेकायदेशीर ठरला. पवळा हिवरगावकर संगमनेर तालुक्याच्या, कांताबाई सातारकरांचा संसार आणि फड संगमनेरचा. ज्या तालुक्याने तमाशाला एवढं दिलं, त्यालाच आता पूर्ण वग पाहायला मिळत नाही.

डान्स बारचं फार लिहीत नाही, ती कहाणी सगळ्यांना पाठ आहे. 2005 साली गृहमंत्री आर. आर. पाटलांनी बंदी आणली, पण तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट ठेवून. तीन चांदण्यांखाली नाच सुसंस्कृत होतो हा शोध उच्च न्यायालयाला पटला नाही, 2013 साली सर्वोच्च न्यायालयालाही नाही. मधल्या काळात बारचे ऑर्केस्ट्रा बार झाले. वाद्यं कोपऱ्यात, बाकी जैसे थे.

मग जमाना मोबाईलचा आला. स्वस्त डेटा यायच्या आधी तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोरच्या मोबाईल शॉपीत मेमरी कार्ड भरून मिळायचं. गिऱ्हाईक काउंटरवर वाकून हळू बोलायचं, दुकानदार मान वर न करता विचारायचा, “भाऊ, साधं भरू का मिक्स?” मिक्स म्हणजे वर पाचपन्नास अभंग आणि खाली उरलेलं सगळं. फोल्डरला नाव ‘भक्तिगीते’. घरात कुणी फोन हातात घेतलाच तर आधी विठ्ठलाचा गजर लागावा ही सोय. इतकं संस्कारी सेन्सॉर दिल्लीलाही सुचलं नसतं.

दिल्लीला काय सुचलं? 2015 च्या जुलैअखेरीस 857 अश्लील संकेतस्थळं बंद करण्याचा हुकूम निघाला. ओरड झाली, चारपाच दिवसांत बहुतेकांवरचं कुलूप निघालं. 2018 साली उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाच्या आदेशामागून पुन्हा 827 बंद. 2020 च्या जूनमध्ये देशाच्या सुरक्षेसाठी टिकटॉकसकट 59 ॲप गेली. उसाच्या बांधावर नाचणाऱ्या आमच्या कलावंतांनी दोन दिवस सुतक पाळलं आणि मग तीच मंडळी, तोच बांध, तोच ऊस रील्सवर दिसू लागला. ऊस तेवढा पुढच्या हंगामात बदलला. 2025 च्या जुलैत उल्लू, ऑल्ट धरून 25 ॲपवर बंदी आली आणि यादी पेपरांत नावानिशी छापून आली. त्यातली चार नावं कुणी ऐकली असतील-नसतील. यादी आल्यावर मात्र पारावर ती पाहुण्यांच्या नावांसारखी पाठ झाली. ज्या मालाची जाहिरात करायला मालकाजवळ पैसे नव्हते ती सरकारने फुकट करून दिली. माल मग दुसऱ्या नावाने दुसऱ्या दारातून आला. गिऱ्हाईक दारात उभंच होतं.

आता फंदींनी जिथे आसरा घेतला त्या कीर्तनाकडे वळू. अकोले तालुक्यातल्या इंदोरीचे निवृत्ती महाराज इंदोरीकर म्हणजे आमच्या जिल्ह्याची यूट्यूबवरची शान. (तमाशातले दादू इंदुरीकर वेगळे, ते मावळातल्या इंदुरीचे. दोन्ही गावांनी लोकांना हसवलं, एवढंच साम्य.) 2020 साली महाराजांनी सम-विषम तारखेचा हिशेब सांगितला. कोणत्या तारखेला नवरा-बायकोने काय केलं की मुलगा होतो, हे बायाबापड्या, सुना-नातवंडं समोर बसलेली असताना, माईकवर. त्यावरून संगमनेरच्या न्यायालयात खटला दाखल झाला आणि 2023 साली औरंगाबाद खंडपीठाने तो चालवायला सांगितलं. खटला गर्भलिंग कायद्याखालचा. अश्लीलतेची तक्रार कुणाच्या मनातही आली नाही, कारण गळ्यात तुळशीची माळ होती आणि वर मंडप होता. हेच वाक्य तंबूत मावशीने म्हटलं असतं तर ग्रामसभा बसली असती.

त्याच 2023 मध्ये महाराजांनी जाहीर गाऱ्हाणं मांडलं की नर्तिका गौतमी पाटीलला तीन गाण्यांना तीन लाख देता आणि आम्ही पाच हजार मागितले तर बाजार मांडला म्हणता. हिशेब म्हणून पाहिला तर मुद्दा बिनतोड आहे. पण पैसे देणारी यात्रा कमिटी एकच असते. सकाळी काल्याच्या कीर्तनाचं पाकीट आणि रात्रीच्या कार्यक्रमाचं बंडल एकाच लोकवर्गणीतून निघतं, आणि वर्गणी देणारा दोन्हीकडे सतरंजीवर पुढेच असतो. लावणीच्या जुन्या कलावतींनी गौतमीच्या हावभावांवर आक्षेप घेतला तो समजू शकतो, त्यांनी जन्म घालवलाय अदा शिकण्यात. दिवसा निवेदन देऊन रात्री खुर्ची पकडणाऱ्यांचा आक्षेप मात्र समजायला मला थोडा वेळ लागतो.

तेव्हा गावोगावच्या संस्कृतिरक्षक मंडळींना एकच विनंती. बंदीचा ठराव जरूर करा, पण गुढीपाडव्याच्या आत करा. पाडव्याला आपलीच माणसं नारायणगावला तमाशा फडांच्या राहुट्यांत जाऊन यात्रेची सुपारी देऊन येतात, आणि सुपारी फोडल्यावर फडमालक इसार परत करत नाही.