बेअरिंगवाले आप्पा

बेअरिंगवाले आप्पा पुणे–सातारा रस्त्यालगत, शिंदेवाडीपासून शिरवळपर्यंतच्या गोदामांत आणि कारखान्यांत आढळतात. मुक्काम भोरला नाहीतर वेल्ह्याला. ओळखीची खूण एकच: कानाला लावलेला स्क्रू ड्रायव्हर. टोक यंत्रावर, मूठ कानाला, डोळे मिटलेले. निदानही एकच: "बेअरिंग गेलं."

डिझेलच्या फोर्कलिफ्टवर या जातीची उपासमार होत असे. इंजिनाच्या आवाजात चाकाची कुरकुर बुडून जाई. बॅटरीवरची गाडी गप्प असते, म्हणून तिचं बेअरिंग बोलतं आणि आप्पांना भाव येतो.

पॅलेट ट्रकच्या काट्यांखालच्या लहान चाकांत बऱ्याचदा ६२०४ नंबरचं बेअरिंग असतं: आतून २० मिमी, बाहेरून ४७, रुंदी १४. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणलं की आतलं माप मिळतं. हा हिशेब आप्पा नव्या पोराला पहिल्या दिवशी शिकवतात, चौथ्या दिवशी पुन्हा शिकवतात आणि लग्नाच्या पंगतीत शेजाऱ्यालाही शिकवतात.

नंबरापेक्षा त्याच्या शेपटाला मान जास्त. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं, टू-आर-एस म्हणजे रबरी सील. जिथे फरशी रोज धुतात तिथे रबरीच हवं. स्टोअरवाल्याने नाना पेठेतून झेडझेड आणलं की ते आल्या पावली परत जातं आणि ट्रक दिवसभर उभा राहतो. चाकात बेअरिंगं दोन असतात. "गेलंय तेवढंच बदलू" म्हणणाऱ्याला आप्पा विचारतात, "चप्पल एकच घेता का?" खरा गुन्हेगार बहुधा आसाला गुंडाळलेली पॅकिंगची पट्टी असते. ती सुपरवायझरच्या टेबलावर पुरावा म्हणून ठेवली जाते.

सुटीच्या दिवशीही तपासणी चालूच. पिठाची गिरणी, सुनेचा मिक्सर, वरातीतला जनरेटर: सगळ्यांचं बेअरिंग गेलेलं. एसटीत खिडकीच्या गजाला स्क्रू ड्रायव्हर लावून कापूरहोळ येईपर्यंत ड्रायव्हरला निदान कळवलं जातं. वेल्हे तालुक्याचं नाव राजगड झालं, तेव्हा शेरा आला, "बेअरिंग तेच, डबा नवा." व्याह्यांचा गुडघा दुखू लागला, तेव्हा डॉक्टरांच्या आधी आप्पांनी सांगितलं, "गेलं. दोन्ही एकदम बदला."

गेलेली बेअरिंगं मात्र भंगारात जात नाहीत. रॉकेलमध्ये धुऊन, पुसून ती पिशवीतून गावी येतात. फळीखाली तीन ठोकली की पोरांचा गाडा तयार. उतारावरून तो असा खडखडत सुटतो की कुत्रीही वाट सोडतात. आप्पा ओट्यावर बसून ऐकतात. स्क्रू ड्रायव्हर खिशातच राहतो.

एखादं पोर विचारतंच, "आप्पा, लई वाजतंय. बेअरिंग गेलं का?"

"नाय रं. पळव."