उंचाकडे धावणारा पट्टा

स्वस्तातल्या बेल्ट ग्राइंडरला तीन चाकं असतात आणि तिघांची तोंडं तीन दिशांना. वरच्या चाकाचा कान पिळून पट्टा मध्यावर आणायचा, असं यंत्र विकणारा सांगतो. माझ्याकडे कान पिळला की पट्टा डावीकडे जातो, सोडला की उजवीकडे, आणि आपण शिंकलो की भिंतीवर. २ इंच रुंद, ७२ इंच लांब असा तो खरखरीत पट्टा सेकंदाला १५ मीटरच्या आसपास पळतो, म्हणजे ताशी ५० किलोमीटरच्या वर. किन्हीराजाच्या थांब्यावरून सुटणाऱ्या एसटीनेही कधी एवढी घाई केल्याचं आठवत नाही.

मी सुऱ्या करतो हे गावाला ठाऊक आहे. 'ब्लेडस्मिथ' आहे हे फक्त माझ्या व्हिजिटिंग कार्डाला ठाऊक आहे. कार्डावर ठिणग्या उडवणारी ऐरण आहे. घरी रेल्वे रुळाचा तुकडा आहे. कार्डामागचा हिशेब सोपा होता. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, तो आमच्या वाशिम जिल्ह्यातून जातो, तेव्हा ताशी १२०ने जाणारा एखादा रसिक माझी सुरी पाहायला ब्रेक मारेलच. अजून कुणी मारलेला नाही. गावात तर सुरी लागते कुणाला? आईचं सगळं पावशीवर भागतं. ट्रकच्या कमानपाट्यातून घडवलेली, पाणी पाजलेली माझी पहिली सुरी तिने कौतुकाने घेतली आणि युरियाची पोती फोडायला ठेवली.

पट्टा तिरपा चालला की पात्याचा एका बाजूचा उतार रुंद होतो, दुसरीकडचा अरुंद, आणि सुरी सरळ दाबली तरी कांदा तिरपा कापते. मी व्हिडिओ पाहिले. अमेरिकेतले दाढीवाले लोक त्यात गंभीरपणे बोलतात. मीही दाढी वाढवली. पट्टा जागेवर आला नाही.

शेवटी पिठाच्या गिरणीवाल्या मामांना बोलावलं. आणि गिरणीच्या पट्ट्याचा विषय निघाला की मला आवरत नाही. चार-पाच बोटं रुंद, ठिकठिकाणी काळवंडलेला, पिना मारून जोडलेला तो पट्टा. जोड पुलीवरून गेला की 'फट' असा आवाज. तो ऐकून लाइट आहे की गेली हे अर्ध्या आळीला कळायचं. पट्टा घसरायला लागला की मामा त्याला राळ लावत. दळण थांबवायचं तर मोटर बंद न करता लाकडी दांड्याने पट्टा मोकळ्या पुलीवर ढकलत, आणि पुढची बाई डबा घेऊन आली की परत भरल्या पुलीवर. आम्ही पोरं दारात उभं राहून हे पाहायचो. आत यायची बंदी होती, कारण पदर किंवा धोतर पट्ट्यात जायला क्षण पुरतो, हे मामा रोज बजावायचे. पट्टा एकसारखा सळसळायचा, पण पुलीवरून खाली म्हणून उतरायचा नाही. मला तेव्हा ते शिस्तीचं फळ वाटे.

मामांनी माझं यंत्र बंद करवलं, चाकावरून अंगठा फिरवला.

"याच्या पुलीले पोटच नाही, बावा."

"पोट?"

"मधात उचलेली पाह्यजे. पट्टा कवाबी उंचाकडे चढते. तुया पुलीवर उंच जागाच नाही, मंग तो जाईन कुठी?"

पट्ट्याचा स्वभाव आणि माझा इतका एक असेल असं वाटलं नव्हतं. मालेगाव जहांगीरच्या लेथवर वरच्या चाकाला मध्यावर जेमतेम मिलिमीटरभर फुगा काढून घेतला. मग मोटरचे बोल्ट सैल केले, चाकांच्या कडांना सरळ पट्टी टेकवली आणि फट दिसली त्या बाजूने मोटरच्या पायाखाली पत्र्याचे तुकडे सारले. वरच्या चाकाच्या बिजागरीतली हालचाल वॉशरने मारली. घासायची पाटी गुण्यात आणली. पट्टा हाताने फिरवून पाहिला, मगच बटण. पट्टा मध्यावर बसला. मामांनी पैसे घेतले नाहीत, कार्ड मात्र उलटसुलट पाहून विचारलं, "हे ऐरण कोनाची हाये?"

त्या प्रश्नावर हसू येत नाही. ऐरण घिसाड्यांची असते. सोयाबीन सोंगणीच्या आधी ते गावाबाहेर पाल ठोकतात. नवरा तापलेलं लोखंड चिमट्यात धरतो, बायको घण मारते. त्या बाईने घडवलेल्या इळ्यावर आपण दहा रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतो, आणि मोटरवर घासलेल्या माझ्या सुरीला 'हँडमेड' म्हणून हजारांत किंमत लावतो. तिच्याकडे कार्ड नाही, अनेकदा घरही नाही. हाताने बनवलेलं म्हणायचं तर हात तिचे आहेत.

म्हणून हल्ली इळ्याचा भाव पाडणारा कुणी दिसला की मी मध्ये पडतो, खिशातली सुरी काढतो आणि माझा भाव सांगतो. परवा एकाने डोळे विस्फारले, "यापरीस बाईचाच इळा बरा" म्हणत मुकाट्याने पूर्ण पैसे मोजले, वर एक जास्तीचा घेतला. माझ्या सुरीमुळे झालेला हा पहिला खरा धंदा.