आंजर्ल्याचा चढ : नाकपुड्यांचा वापर व निगा

आंजर्ल्याला येणाऱ्या सायकलस्वाराला श्वसनाचे मार्गदर्शन लागत नाही. दापोलीहून आसूद, हर्णै करत रस्ता समुद्राकडे उतरतो, सायकल आपण होऊन पळते आणि वरचा इसम मोठमोठ्याने गाणी म्हणत असतो. मार्गदर्शन लागते ते दुसऱ्या दिवशी, कड्यावरच्या गणपतीला जाताना. आणि त्याहून जास्त, परत दापोली गाठताना. तरी प्रस्तुत मार्गदर्शिका दापोलीतच वाचून घ्यावी. उतारावर कोणी वाचत नाही आणि चढावर वाचता येत नाही.

आधी साहित्य तपासावे : नाकपुड्या दोन, तोंड एक, बरगड्यांखाली श्वासपटल एक. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला १२ ते १६ श्वास घेतो, दर खेपेला साधारण अर्धा लिटर. म्हणजे ६ ते ८ लिटर हवेत त्याचे भागते. जोराच्या चढावर सरावलेल्या सायकलस्वाराला मिनिटाला १०० लिटरच्या वर हवा लागू शकते. हिशेब पटत नसेल तर शेजारीच मुर्डी आहे. १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेल्या परांजप्यांचे ते गाव. तिकडे तोंड करून गुणाकार पुन्हा करावा.

एवढी हवा नाकातून ओढणे जमत नाही, म्हणून तोंड उघडते. यावर योगशिबिर करून आलेल्या मंडळींचा आक्षेप असतो. त्यांच्या मते श्वास नाकानेच घ्यावा, आणि पुराव्याला ते खुद्द देवालाच उभे करतात. कड्यावरचा गणपती उजव्या सोंडेचा. उजवी नाकपुडी म्हणजे पिंगळा, सूर्यनाडी, उष्ण, श्रमाला पोषक. यावरून चढाला उजवी नाकपुडी वापरावी हे उघड आहे. शिवाय देव पूर्वी खाली किनाऱ्याशी होता आणि समुद्र पुढे सरकू लागला तेव्हा एक पाऊल टाकून वर गेला, अशी आख्यायिका आहे. ते पाऊल गावात दाखवतातही. परंतु येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, देवाचे नाक आपल्या नाकापेक्षा बरेच लांब आहे. दोन, देव सायकलवर नव्हता.

अनुलोम-विलोम चढावर करू नये. त्याला एक हात नाकाशी लागतो, आणि उरलेल्या एका हाताने हँडल, गिअर व समोरून वळणावर येणारी एसटी ही तिन्ही कामे होत नाहीत. कुंभक तर नकोच. श्वास कोंडला की आत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि जीव घाबरा होतो. घुसमट जी वाटते ती मुख्यतः त्याचीच. कपालभातीने नेमके उलटे होते. हा वायू गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो आणि चक्कर येते. खाली खाडी आहे.

आता खरी युक्ती. श्वास घेण्याची चिंता सोडावी, तो सोडण्याकडे लक्ष द्यावे. आत हवा अडलेली असताना वरून आणखी भरू पाहणारा माणूस नुसता धापा टाकतो. लांब, पुरता उच्छ्वास टाकावा, पोट सैल सोडावे, पुढचा श्वास आपसूक येतो. पोट सैल सोडणे पुणेकरांना जड जाते, कारण ते सायकलचे घट्ट कपडे घालून पोट आत धरूनच फोटो काढून घेतात. खांदे कानांपासून दूर ठेवावेत. हँडलवर फार ओणवे होऊ नये, श्वासपटलाला खाली सरकायला जागा लागते. ती जागा मोदकांनी आधीच घेतली असेल तर बरगडीखाली कळ येण्याचा संभव वाढतो. मोदक परतल्यावर खावेत. हा नियम आजवर कोणी पाळलेला पाहण्यात नाही.

हर्णै बंदराजवळून, सुकत घातलेल्या मासळीच्या बाजूने जाताना नाक की तोंड हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःच्या आहारानुसार सोडवावा.

आपला वेग बरोबर आहे की नाही हे कसे ओळखावे? व्यायामशास्त्रात यासाठी बोलण्याची कसोटी सांगतात : पूर्ण वाक्ये बोलता आली तर श्रम मध्यम, दोन-चार शब्दच फुटले तर जास्त. परदेशात ही कसोटी माणसाला स्वतःच घ्यावी लागते. कोकणात ती विनामूल्य घेतली जाते. चढ जिथे सर्वांत उभा, तिथेच जांभ्याच्या गडग्यावर एक आजोबा बसलेले असतात.

“कुठले हो तुम्ही?”

“पुणे.”

“मूळचे?”

येथे उत्तरावरून निदान करावे. स्वार मूळ गाव, आडनाव आणि मामेसासऱ्यांचे केळशीशी असलेले नाते पूर्णविरामांसकट सांगत असेल, तर तो अंगचोरपणा करतो आहे, वेग वाढवावा. “चिपळूण” एवढेच निघाले तर चाललेय ते उत्तम. नुसता हात वर झाला तर खाली उतरून सायकल ढकलावी, आणि ढकलताना चाक तपासत असल्याचा भाव चेहऱ्यावर ठेवावा. आजोबा फसत नाहीत, पण पाणी देतात.

“एवढी महागाची सायकल, नि मोटार नाही होय हिला?” हा पुढचा प्रश्न कसोटीत धरलेला नाही. त्याला दीर्घ उच्छ्वास पुरतो.

परतीच्या दिवशी टेम्पोवाल्याशी भाडे ठरवताना मात्र श्वास शांत, नाकाने आणि मोजून घ्यावा. धाप ऐकू आली की भाडे वाढते.