न फिरलेल्या पंख्यांच्या मालकास

ह्यूस्टन, 20 ऑगस्ट 2024

श्री. पंखेवाले यांस
(खरं नाव बिलावर ठसठशीत आहे, मी लिहीत नाही),



पत्रास कारण की, तुमचं बिल पोचलं. छत, भिंती, कचरा, फवारणी असं वाचत वाचत पंख्यांच्या ओळीवर आलो आणि तिथेच बसलो. अकरा पंखे, रोजी 38 डॉलर, आठ दिवस. ओलावा शोषणारी तीन यंत्रं, रोजी 95 डॉलर, आठ दिवस. एकूण 5,624. गणित चोख आहे. माझी शंका विजेबद्दल आहे.

8 जुलैच्या सोमवारी पहाटे बेरिल माटागोर्डापाशी किनाऱ्याला लागलं. पहिल्या श्रेणीचं, म्हणजे सगळ्यात खालच्या इयत्तेतलं वादळ. 2017 च्या हार्वी वादळात आमच्या घरात थेंबही शिरला नव्हता, त्यामुळे मी निवांत झोपलो होतो. त्या सकाळी 22 लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली आणि परसातल्या ओकची फांदी छप्पर फोडून माळ्यावर येऊन बसली. नऊच्या सुमारास हॉलचं छत चहात बुडवलेल्या खारीसारखं गळून पडलं. त्यामागोमाग माळ्यावरचा करडा, भिजका कापूस सोफ्यावर, टीव्हीवर आणि सांगलीहून आलेल्या आमच्या आईच्या अंथरुणावर.

आई मात्र ढिम्म. तिचं घर गावभागात. 2019 ला आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली, तेव्हा तिच्या स्वयंपाकघरात माळ्याला पाणी लागलं होतं. तिने विचारलं, "खराटा कुठाय?" तिला समजावलं की इथे खराट्याचं काम नाही. सांगलीची भिंत विटांची. चिखल ओढायचा, ब्लीचिंग पावडर मारायची, दारं-खिडक्या उघड्या टाकायच्या, दिवाळीच्या आत चुना. इथली भिंत म्हणजे जिप्समचा पत्रा, दोन्ही बाजूंनी कागद चिकटवलेला, आत लाकडी चौकट आणि काचेचा कापूस. तो कागद पाणी वर ओढतो आणि उबेत 24 ते 48 तासांत बुरशीचं जेवण होतो. म्हणून माणूस लागलीच बोलवावा लागतो. "म्हणजे पुठ्ठ्याचं घर," आई म्हणाली. या घराचं कर्ज 30 वर्षांचं आहे, हे मी तिला सांगितलं नाही.

तर तुम्हाला का बोलावलं? तुमच्या आधी लुईझियानाच्या नंबरप्लेटचा एकजण निम्मे पैसे आगाऊ मागून गेला होता. आपत्ती जाहीर झालेल्या भागात परगावच्या कंत्राटदाराने काम सुरू व्हायच्या आधी पैसे मागणं टेक्ससमध्ये बेकायदा आहे. तुम्ही काहीच मागितलं नाहीत. फक्त टॅब्लेट पुढे केलात आणि म्हणालात, इथे बोटाने सही करा. दासबोधापेक्षा लांबलचक तो मजकूर मी वाचला नाही. ती चूक माझी. या राज्यात केस कापणाऱ्याला परवाना लागतो, घर बांधणाऱ्या-पाडणाऱ्या सर्वसाधारण कंत्राटदाराला राज्याचा परवाना लागत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी सही केली, कारण तुमच्या गाडीवर हसऱ्या थेंबाचं चित्र होतं.

सहीच्या खाली तुम्ही आमच्या पाण्याची जात लावलीत. पहिल्या वर्गाचं स्वच्छ, दुसऱ्याचं करडं, तिसऱ्याचं काळं. थेट आभाळातून हॉलमध्ये आलेल्या पावसाला तुम्ही तिसरा वर्ग दिलात, जो सांडपाण्याला आणि नदीच्या पुराला देतात. दरपत्रक वर्गानुसार चढतं, हे मागाहून कळलं. काळं पाणी म्हटलं की आम्हाला अंदमान आठवतं. शिक्षा मोठी असणार, एवढं तेव्हाच ओळखायला हवं होतं.

"डिडक्टिबलचं (म्हणजे विम्याआधी आपल्या खिशातून भरायच्या वाट्याचं) आम्ही बघून घेतो" असंही डोळा मारून म्हणालात. इथे तो गुन्हा आहे. जाऊ दे. आईची पैठणी असलेली ओली बॅग न विचारता कचऱ्याच्या डब्यात टाकलीत. तेही एक वेळ जाऊ दे (आईने जाऊ दिलेलं नाही).

पण पंखे!

बुधवारी, 10 तारखेला संध्याकाळी, तुमच्या पोरांनी गोगलगायीच्या आकाराचे ते अकरा निळे पंखे भिंतींकडे तोंड करून ओळीने मांडले. वायरी गुंडाळलेल्याच राहिल्या, कारण वीज नव्हती. "जनरेटर उद्या," तुम्ही म्हणालात. गुरुवारी फोनवर म्हणालात, उद्या. शुक्रवारी फोन उचलला नाहीत. घरात 34 अंश, हवा ओल्या गोधडीसारखी अंगावर, आणि आम्ही दोघं मायलेक शेजाऱ्याच्या जनरेटरवर दूध तापवून त्या अकरा पंख्यांमधून तिरपे चालत होतो. तिसऱ्या दिवशी आईने एकावर हात ठेवून विचारलं, "हे काय हळदीकुंकवाला बसवलेत?"

वीज 15 तारखेला, सोमवारी संध्याकाळी आली. पंखे 18 ला गेले. फिरले तीन दिवस. बसले पाच. त्या पाच दिवसांचे 3,515 डॉलर विमा कंपनीने कापले. वीज नव्हती तर यंत्रं चालली कशी, असा तिचा प्रश्न. विमा कंपनीशी आयुष्यात पहिल्यांदाच माझं एकमत झालं. आणि तुम्ही ते 3,515 माझ्या नावाने पाठवलेत, 30 दिवसांची मुदत घालून, हसऱ्या थेंबाच्या चित्रासकट.

खरं सांगतो, मी ते भरलेही असते. 18 तारखेला पंखे न्यायला तुम्ही स्वतः आलात. दोन पोरं उन्हाने आडवी झालीत म्हणालात. एकेक पंखा छातीशी धरून बाहेर नेताना तुमचा शर्ट पाठीला चिकटला होता. आईने कोकम सरबत दिलं, पायरीवर बसून तुम्ही दोन ग्लास प्यायलात. तेवढ्यात बायकोचा फोन आला. तुमच्याही छपरावर निळी ताडपत्री होती, तीही एका कोपऱ्यातून उडालेली, आणि ती बांधायला तुम्हाला दहा दिवसांत वेळ झाला नव्हता. विमावाले तीन-तीन महिने पैसे देत नाहीत, पोरांना मात्र शुक्रवारी रोख द्यावे लागतात, म्हणालात. तुम्ही निघालात तेव्हा आई म्हणाली, "जेवला नसंल गं बाई हा माणूस." त्या संध्याकाळी तुम्ही मला सरळ म्हणाला असतात की, साहेब, जनरेटर मिळाला नाही, पंखे तुमच्याकडे अडकले, दुसरीकडे भाडं बुडालं, निम्मं तुम्ही सोसा, तर मी तिथल्या तिथे चेक फाडला असता.

पण मग विमावाल्याने तुमची ओलाव्याची नोंदवही पाठवली. हॉल, उत्तरेची भिंत. 11 जुलै, 31. 12 जुलै, 27. 13 जुलै, 22. 14 जुलै, 18. पुढे कुणाची तरी बारीक सही. या चार दिवसांत आमच्या दारात तुमचं कुत्रंसुद्धा आलं नव्हतं, महाराज! तो आकडा कुणी पाहिला? आमची भिंत अंधारात, उकाड्यात, बंद पंख्यांच्या समोर तुमच्या कागदावर वाळत होती, आणि खऱ्या भिंतीला पुस्तकांच्या कपाटामागे काळे ठिपके येत होते. आईला 15 तारखेपासून खोकला लागला, तो अजून आहे. 16 ला तुमच्याच माणसाने ते ठिपके शोधून काढले आणि लगेच काढायचा दरही सांगितला. बुरशी 25 चौरस फुटांच्या पलीकडे सलग पसरली असेल तर तपासणारा आणि काढणारा एक असून चालत नाही, आणि दोघांनाही परवाना लागतो. टेप लावली तर 23 चौरस फूट भरली. तुम्ही दोन फुटांनी वाचलात.

पंखे बंद होते, याचा मला राग नाही. अर्धं शहर बंद होतं. पण भाडं पिकवायला तुम्ही खोटे आकडे लिहिलेत, आणि तेही उतरत्या क्रमाने, सुबक हस्ताक्षरात. 3,515 भरणार नाही. नोंदवहीची प्रत आणि वीज कंपनीचा आमच्या मीटरचा तपशील राज्याच्या ग्राहक विभागाकडे गेला आहे.

ताडपत्री बांधली असेल अशी आशा. वादळांचा सप्टेंबर तोंडावर आहे.

कळावे. लोभ आहेच, वाढवू नये ही विनंती.

आपला,
अकरा पंख्यांचा यजमान

ता. क. तुमच्या नोंदीत अकरा पंखे परत गेले आहेत. प्रत्यक्षात दहाच गेले. अकरावा कपड्यांच्या खोलीत दारामागे राहिला होता. इथल्या दमट उन्हात साबुदाण्याच्या पापड्या काही केल्या वाळेनात, म्हणून आई सध्या त्याच्यासमोर त्या मांडते. मस्त वाळतात. पंखा कधीही घेऊन जा, मात्र जागेचं भाडं लागेल. तुमच्याच दराने, रोजी 38 डॉलर, 18 जुलैपासून आजवर 33 दिवस, एकूण 1,254. या 33 दिवसांत वीज एकदाही गेलेली नाही.