स्वर्लकाका

आपल्या गाडीवर 'चरा' पडलाय, असं स्वर्लकाकांना सांगून बघा. ते चष्मा कपाळावर चढवतील आणि 'पोटात दुखतंय' एवढंच सांगणाऱ्या पेशंटकडे डॉक्टर बघतो तसं तुमच्याकडे बघतील. "चरा म्हणजे? नख अडकतंय का?"

नख अडकत नसेल तर भानगड वरच्या क्लिअर कोटातच आहे, पॉलिशने निघेल. अडकलं, तर पॉलिशवाल्याच्या खिशात पैसे घालू नकोस. हे निदान काका आमच्या कोथरूडच्या सोसायटीत फुकट करतात, न विचारता करतात, आणि नेमकं आपल्याला ऑफिसला उशीर होत असताना करतात.

बँकेतून निवृत्त झालेला हा माणूस टॉर्च घेतल्याशिवाय पार्किंगमध्ये उतरत नाही. पत्र्यावर ई-कोट, त्यावर प्रायमर, मग रंग, वर क्लिअर कोट, आणि हे सगळं मिळून जाडी साधारण 100 ते 130 मायक्रॉन. "आणि त्यावर तुम्ही दर दिवाळीला रबिंग मारता!" असं म्हणताना त्यांचा आवाज खरोखर कापतो.

नावांच्या बाबतीत तडजोड नाही. बारीक जाळं दिसतं ते स्वर्ल. पॉलिशच्या मशीनने उठवलेले, उन्हात नाचणारे पट्टे म्हणजे होलोग्राम. फडका घासून आलेली धूसर झाक म्हणजे मारिंग. खडी लागून रंग उडाला तर तो टवका, आणि त्याला कुणी ओरखडा म्हटलं की काका लिफ्टमध्येसुद्धा बोलत नाहीत. पारव्यांनी बॉनेटवर केलेला प्रसाद हा तर रसायनाचा डाग, त्याचं खातंच वेगळं. त्यांना पुरून उरलाय तो एकटा गाडी पुसणारा. एका बादलीत तो अख्खी रांग उरकतो आणि कशालाही "लाइन आलीय, साहेब" म्हणतो.

स्वर्ल मुळात गोल नसतातच, हे मलाही काकांनीच दाखवलं. टॉर्च सरकवली की वर्तुळंही तिच्यामागे सरकतात. चरे सगळ्या दिशांना गेलेले असतात, पण उजेडाला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून टॉर्चभोवती कोळ्याचं जाळं विणल्यागत दिसतं. एकदा हे दिसलं की स्वतःच्या गाडीकडे निवांत बघणं संपलं.

परवा तिसऱ्या मजल्यावरच्यांनी नवी काळी गाडी आणली. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा घसघशीत हार. सगळे पेढा तोंडात टाकत असताना काका हाराखाली वाकले. "याला तार आहे," ते म्हणाले. मग टॉर्च लागली. "आणि हे स्वर्ल हाराचे नाहीत हं, शोरूमवाल्यांनी धुताना दिलेत." मालकाचा पेढा घशातच राहिला. काळा रंग काही लपवत नाही, अशी वर काकांनी समजूतही घातली.

त्यांची स्वतःची गाडी फारशी हलत नाही. कव्हर घालत नाहीत, कारण वाऱ्याने कव्हर हललं की खालची धूळ घासते. म्हणून मागच्या आठवड्यात काकूंनी ती माहेरी न्यायला काढली आणि खांबाला अख्खं दार घासलं, तेव्हा वॉचमनसुद्धा केबिनमध्ये जाऊन बसला.

काका खाली आले. उकिडवे बसले. दारावरून नख फिरवलं, ते जागोजाग अडकलं. काकू म्हणाल्या, "अहो, बोला काहीतरी."

"पिवळं आहे ते खांबाचं, निघून जाईल," काका म्हणाले. "हा करडा दिसतोय तो प्रायमर. आणि इथे..." त्यांनी टॉर्च अगदी जवळ नेली, "इथे थेट पत्रा! अगं, चारही थर एका जागी दिसतायत. ये, बस इथे, दाखवतो."